शरीराचा तोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या वर्गात हा भाग शिकवला की मुलं परीक्षेत काय येणार ते विचारतात आणि त्यांचे पालक खरे प्रश्न विचारतात. पाणी किती प्यायचं, ताप आला की थंडी का वाजते, बीपीची गोळी कायमची का. गेल्या काही वर्षांत जमलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही.

समस्थिती म्हणजे नक्की काय?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने एक साधी पण कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट सांगितली. आपण हवेत राहतो, पण आपल्या पेशी हवेत राहत नाहीत. त्या राहतात शरीरातल्या खारट द्रवात. बाहेर ऊन असो की पाऊस, हा आतला द्रव फारसा बदलत नाही, म्हणून आपण जगतो. पुढे १९२६ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी या व्यवस्थेला नाव दिलं, होमिओस्टॅसिस. मराठीत समस्थिती.

नावात ‘स्थिती’ आहे म्हणून घोटाळा होतो. आत काहीही स्थिर नसतं. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालते तेव्हा तिच्या हातातली काठी आठवा. ती क्षणभरही थांबत नाही, सतत डावी-उजवी होत असते. काठी हलायची थांबली की पोर खाली आली. शरीराचं तसंच आहे. ते चुका टाळत नाही. छोट्या छोट्या चुका सतत करतं आणि तितक्याच सतत दुरुस्त करतं.

मग सगळ्याच गोष्टी सारख्याच काटेकोर सांभाळल्या जातात का?

नाही, आणि यात मोठी गंमत आहे. जेवणानंतर रक्तातली साखर ९० वरून १३० वर गेली तर कुणी दखल घेत नाही. पण पोटॅशियम बघा. ते ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतं आणि ४ चं ८ झालं तर हृदय बंद पडू शकतं. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) ७.३५ ते ७.४५, सोडियम १३५ ते १४५. जिथे चूक महागात पडते तिथे शरीर कंजूष, बाकी ठिकाणी सैल. लॅबचा रिपोर्ट वाचताना हे लक्षात ठेवलं तर कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्या नाही याचा थोडा अंदाज येतो. नेमका अर्थ अर्थातच डॉक्टरांनी लावायचा.

पण पेशीला कळतं कसं, की साखर वाढली?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

शरीरात कुठेही ‘साखर ९० असावी’ असं लिहून ठेवलेलं नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीला आकडे कळत नाहीत. ती फक्त साखर खाते. रक्तात साखर जास्त असली की तिच्याही पोटात जास्त जाते. जास्त जळते आणि पेशीतलं ऊर्जेचं चलन वाढतं. ते वाढलं की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, त्यामुळे विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि आत तयार असलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर फेकल्या जातात. म्हणजे पेशीची स्वतःची चूल हाच तिचा तराजू.

इन्सुलिन यकृताला सांगतं, ‘साठव’. स्नायूंना आणि चरबीला सांगतं, ‘दार उघडा’. साखर उतरली की बीटा पेशीची चूल मंदावते आणि पुड्या आपोआप थांबतात. साखर खाली जाऊ लागली तर शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत साठवलेली साखर परत देतं.

प्रमाण किती नाजूक आहे बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात विरघळलेली सगळी साखर मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. होळीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या की त्याच्या कितीतरी पट साखर या रक्तातून पुढे सरकते आणि तरीही दोन-तीन तासांत आकडा जवळपास होता तिथे येतो. मधुमेहात नेमकी ही ये-जा अडखळते. एक तर पुड्या संपतात, नाहीतर दारं इन्सुलिनचं ऐकत नाहीत. मग साखर डेसिलिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास चढली की किडनीलाही ती सगळी परत ओढून घेणं जमेनासं होतं आणि ती लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. मधुमेह हे नावच त्यातून आलं.

उपवासाच्या दिवशी साखर कुठून येते?

यकृतातून. तिथे अंदाजे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवलेली असते आणि ती साधारण एक दिवस पुरते. स्नायूंकडे त्याच्या चौपट साठा असतो, पण ते रक्ताला दमडी देत नाहीत. साखर सुटी करून बाहेर सोडणारं विकरच (एन्झाइम) त्यांच्याकडे नाही. यकृत रिकामं होऊ लागलं की ते प्रथिनांपासून साखर बनवायला घेतं आणि चरबीतून कीटोन तयार करतं. मेंदू तेही चालवून घेतो.

हे झालं खऱ्या उपवासाचं. आपली एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. त्या दिवशी यकृताला सुट्टी नसते, ओव्हरटाइम असतो.

काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटतं, त्याचा इथे काही संबंध आहे का?

आहे, थेट. चोचवलेल्या काकडीला मीठ लावलं की पेशींबाहेर खारटपणा वाढतो आणि आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आपल्या पेशींनाही हाच धोका चोवीस तास असतो, बहुतेक वेळा उलट दिशेने. पेशीच्या आत प्रथिनं ठासून भरलेली असल्यामुळे पाणी आत शिरू पाहतं. त्यावर तोड म्हणजे पेशीच्या भिंतीतला एक पंप. तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हा पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी शोधला आणि त्यांना त्याचं नोबेल मिळालं तब्बल चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये.

तुम्ही नुसते पलंगावर पडून असता तेव्हाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा निदान पाचवा हिस्सा या पंपावर जातो. ‘काहीच केलं नाही तरी थकवा का?’ असं विचारणाऱ्यांना मी हे सांगतो. (त्यांचं समाधान होत नाही.)

सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं तेही याचसाठी. शिरेतून नुसतं पाणी दिलं तर लाल पेशी फुगून फुटतात.

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं का?

आठ हा आकडा सर्वांसाठी खरा असण्याचं काही कारण नाही. मेंदूत हायपोथॅलॅमसजवळ काही पेशी आहेत, ज्यांना रक्ताच्या खारटपणातला १-२ टक्क्यांचा फरकही जाणवतो. फरक पडला की दोन गोष्टी होतात. तुम्हाला तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक किडनीला पाणी राखून ठेवायला सांगतं. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर लघवी म्हणून सोडतात. बाकी सगळा परत. इतका काटकसरी कारभार आत चालू असताना मोबाइलवर तासातासाला पाणी प्यायची आठवण लावायची गरज धडधाकट माणसाला नाही.

अपवाद आहेत. म्हाताऱ्या माणसांची तहान बोथट होते, त्यांना विचारत बसू नका, समोर पेला ठेवा. तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर जास्त पाणी सांगतात, ते ऐकावं. उन्हात राबणाऱ्यांचं गणित वेगळं, ते पुढे येईल.

जास्त पाणी प्यायल्याने नुकसान होतं का?

होऊ शकतं. किडनीची पाणी बाहेर टाकायची गती तासाला साधारण एक लिटरपर्यंतच आहे. त्याहून भराभर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूच्या पेशी फुगतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी भरलं होतं आणि धावताना ज्यांचं वजन *वाढलं* होतं त्यांना धोका जास्त होता. लांब पळताना तहानेपुरतंच प्या.

मुंबईत ३४ अंशांना जीव नकोसा होतो आणि नागपुरात ४४ अंशांनाही लोक कामावर जातात. असं कसं?

माझी पहिली नोकरी विदर्भात होती, म्हणून हा प्रश्न मला घरचाच. तिकडे मे महिन्यात खिडकीला कूलर असतो, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून पाणी झिरपतं आणि खोली गार होते. तोच कूलर मी बदलीनंतर कोकणात घेऊन आलो. आठवडाभरात कपाटातल्या चादरी ओलसर झाल्या, पण खोली काही गार झाली नाही.

तुमची कातडी म्हणजे तो कूलर. घाम येण्याने गारवा मिळत नाही, घाम *वाळण्याने* मिळतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो, कित्येकदा घाम आल्याचं कळतही नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र अंगातच.

पण यावरून ४४ अंश सुरक्षित आहेत असं समजू नका. हवा ३७ च्या वर गेली की पंख्याचा वारा अंगाला उलट तापवू लागतो आणि घाम हा एकच मार्ग उरतो. पाणी संपलं की तोही बंद. उन्हाळ्याची सवय व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, भरपूर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणून पुण्याहून लग्नासाठी दोन दिवस अकोल्याला आलेला पाहुणा आडवा होतो आणि यजमान मांडवात फिरत असतो. खिशात कांदा ठेवल्याने यातलं काहीही बदलत नाही. डोक्याला बांधलेलं उपरणं मात्र खरंच कामाचं.

ताप म्हणजे हाच तोल बिघडणं ना?

नाही. तापात तोल शाबूत असतो, फक्त काटा वर सरकवलेला असतो. जंतुसंसर्ग झाला की हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि मेंदू ठरवतो, आता ३७ नाही, ३९. त्या क्षणी अंग ३७ ला असतं, म्हणजे मेंदूच्या लेखी ते ‘गार’ आहे. म्हणून हुडहुडी भरते, दातांवर दात आपटतात, आपण गोधडी मागतो. पॅरासिटामॉलने काटा खाली आला की तेच अंग मेंदूला ‘गरम’ वाटतं आणि दरदरून घाम फुटतो.

उष्माघातात काटा ३७ लाच असतो, उष्णता बाहेर पडू शकत नाही म्हणून अंग ४० च्या वर जातं. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. माणूस बरळू लागला, बेशुद्ध झाला तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

जुलाबात मीठ-साखरेचंच पाणी का? नुसतं मिठाचं का नाही?

कारण आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे, जे सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आले तरच उघडतं. त्यांच्यामागून पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. पटकीसारख्या (कॉलरा) रोगात आतडं पाणी बाहेर ओतत असतं, पण हे दार तेव्हाही चालू असतं.

त्याची सगळ्यात मोठी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते आणि बोनगावच्या छावणीत पटकी पसरली होती. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या करून घेतल्या, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितलं. छावणीतलं ३० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. फार उशिरा, असं माझं मत.

घरी पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, भाजीचा नव्हे. साखर ‘ताकद येईल’ म्हणून वाढवू नका, जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढते. कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला मीठ घातलेली तांदळाची पेज देतात, तीही याच दारातून आत जाते. स्टार्च हळूहळू फुटून ग्लुकोज देतो.

दोन अवयवांच्या गरजा एकमेकींच्या आड आल्या तर?

पुस्तकात प्रत्येक व्यवस्था वेगळ्या पानावर असते, त्यामुळे हे सुटून जातं. खरं तर तोल सांभाळणं म्हणजे कुणाला तरी झळ लावणं. थंडीत बोटं निळी पडतात, कारण काळीज आणि मेंदू उबदार ठेवायला बोटांचं रक्त काढून घेतलेलं असतं. फार रक्त गेलं तर कातडी, आतडं आणि शेवटी किडनीसुद्धा उपाशी ठेवली जाते. उन्हात उभं राहिल्यावर चक्कर येते ती याच भांडणातून. गारवा मिळावा म्हणून रक्त कातडीकडे धावतं आणि मेंदूला कमी पडतं.

कॅल्शियमचं उदाहरण तर घरोघरी आहे. ‘आईच्या रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलंय, मग हाडं ठिसूळ कशी?’ शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. पण स्नायू आणि नसा चालतात त्या रक्तातल्या चिमूटभर कॅल्शियमवर. ते जरा घटलं की मानेतल्या चार इवल्या ग्रंथी पॅराथायरॉइड संप्रेरक सोडतात आणि हाडांची मोडतोड करून रक्ताची पातळी भरून काढतात. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असतो तो कित्येकदा हाडांच्या जिवावर. म्हणून हाडांसाठी वेगळी तपासणी लागते.

अल्कलाइन पाण्याने रक्त अल्कलाइन होतं का?

नाही. ते आधी जठरातल्या आम्लात पडतं. पुढे रक्ताचा सामू फुप्फुसं श्वासागणिक आणि किडन्या दिवसभर सांभाळतातच. बाटलीची किंमत तुमची.

श्वास रोखल्यावर जीव घाबरा होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे ना?

बहुतांशी नाही. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. मेंदूतले पहारेकरी मुख्यतः त्याच्यावर नजर ठेवून असतात. गावाकडे विहिरीत बुडी मारायची पैज लागते तेव्हा पोरं आधी भराभर श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड धुतला जातो. म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवलं. मग ऑक्सिजन संपतो तरी घाबरं होत नाही आणि पोहता येणारा मुलगा पाण्याखाली बेशुद्ध पडतो. ही युक्ती मुलांना करू देऊ नका.

बीपी वाढलेलं दिसत असून शरीर ते खाली का आणत नाही?

कारण त्याला ते वाढलेलं वाटतच नाही. मानेतल्या रोहिण्यांत दाब मोजणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन लगेच जाते ती त्यांच्याच तत्परतेमुळे. पण दाब बराच काळ चढा राहिला तर हे ग्राहक त्यालाच ‘नेहमीचा’ मानू लागतात आणि किडन्याही चढ्या दाबाशी जुळवून घेतात. आता शरीर १५० ची राखण करतं, पूर्वी १२० ची करायचं तितक्याच निष्ठेने. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर सुरुवातीला गळल्यासारखं वाटू शकतं आणि ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून मनाने गोळी बंद केली की आकडा परत चढतो. बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं झोपेतही चालू असतं का?

हो. व्हॅसोप्रेसिन रात्री वाढतं म्हणून लघवीला सारखं उठावं लागत नाही, यकृत साखर पुरवत राहतं, अंगाचं तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली उतरतं. एक जागा मात्र अशी आहे जिथे काठी सैल पडते. स्वप्नांच्या झोपेत मेंदू तापमानाकडे जवळपास दुर्लक्ष करतो, गारठा असला तरी हुडहुडी भरत नाही. स्वप्न संपतं, पहारा पुन्हा बसतो, आणि आपण झोपेतच पायाने चाचपून पांघरूण वर ओढतो.